हा खोकला कोणाचा?

२०२१ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. पेन्शनच्या काही कामासाठी मी परतवाड्याच्या एका बँकेत रांगेत उभा होतो. अडतीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला काढलेल्या माणसाला बाहेरच्या बाजूला उभे राहणे तसे जडच जाते. पण निवृत्तीने माणसाला नम्रता शिकवावी, असा काही तरी नियतीचा बेत असावा. रांगेत असतानाच मला शिंक आली. एक नव्हे, लागोपाठ सात-आठ. पाठोपाठ खोकल्याची उबळ. मुखपट्टी ओली झाली, डोळ्यांतून पाणी आले. डोळे पुसून वर पाहतो तो माझ्या पुढचे चार आणि मागचे सहा जण रांग सोडून भिंतीला जाऊन चिकटलेले! आयुष्यात पहिल्यांदाच मला न मागता पहिला नंबर मिळाला. काचेआडचा रोखपाल ओळखीचा, एकेकाळी माझ्याच हाताखाली शिकलेला. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, तुमी घरी जा. पासबुक मी पोरासंगं पाठवून देतो."

भिंतीला लागलेल्यांमध्ये एक म्हातारी बाई होती. तिला मात्र धीर धरवला नाही. दुरूनच तिने विचारले, "काऊन जी, हा खोकला धुयीचा हाये का त्या कोरोनाचा?"

मी मोठ्या ऐटीत सांगितले, "दम्याचा हाये, बाई. पन्नास वर्षांचा जुना."

त्या ऐटीची किंमत पुढे काय पडली, तेच आज सांगायचे आहे.

ते दिवस वऱ्हाडातल्या वाचकांना वेगळे सांगायला नकोत. उरलेला महाराष्ट्र 'गेला एकदाचा कोरोना' म्हणून सुस्कारे टाकत होता, तेव्हा अमरावती-अकोल्याचे आकडे पुन्हा चढू लागले होते. २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती आणि आमचे अचलपूर पुन्हा कुलूपबंद झाले. आपल्याकडच्या नमुन्यांत विषाणूचे एक नवे रूप सापडल्याची चर्चा सुरू झाली. पुढे मे महिन्याच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने त्याच घराण्याला 'डेल्टा' हे नाव दिले. अशा वेळी चारचौघांत खोकणे म्हणजे भरल्या बँकेत पिस्तूल काढण्यासारखेच होते. त्या माणसांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही भिंतीलाच लागलो असतो.

पण ज्यांचा खोकला दरवर्षीचा, ऋतूबरोबर येणारा आणि ऋतूबरोबर जाणारा, अशा माणसांचे त्या दोन वर्षांत काय झाले, याचा हिशेब अजून कोणी नीट मांडलेला नाही. माझ्यापुरता मी तो मांडून पाहतो आहे.

हवा पालटायला गेलो आणि

दमा मला लहानपणापासूनचा. अकोल्याला आमच्या घरी कोजागिरी म्हणजे दुधापेक्षा औषधाची रात्र असे. चांदण्यात ठेवलेली खीर, तिच्यात कोण्या वैद्याने दिलेली पूड, आणि पहाटेपर्यंत न झोपण्याचे पथ्य. मृगाच्या दिवशी हैदराबादला जिवंत मासा गिळायला जाणाऱ्यांची काचीगुड्याच्या गाडीला झुंबड उडे. आमच्या वाड्यातले दोघे-तिघे दरसाल जात. मला मासा काही गिळता आला नाही. खीर मात्र पुष्कळ वर्षे खाल्ली, आणि दिवाळीपर्यंत हटकून बरे वाटे. हे बरे वाटणे कशाचे होते, ते कळायला मला चिखलदरा गाठावा लागला.

१९८८ साली बँकेने माझी बदली चिखलदऱ्याला केली. ज्याने त्याने अभिनंदन केले. विदर्भातले एकुलते एक थंड हवेचे ठिकाण, समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंच, कॉफीचे मळे, मेळघाटचे जंगल! १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या साहेबाला ही जागा गवसली आणि मैदानातल्या उन्हाने होरपळलेले गोरे अधिकारी हवापालटासाठी इथे येऊ लागले, हा इतिहास मला जाण्यापूर्वीच तिघांनी ऐकवला. अकोल्याचे आमचे डॉक्टर तर म्हणाले, "नशीब काढलंत. औषधच बंद होईल."

पावसाळा धुक्यात गेला. श्रावणात भिंतींना बुरशी आली, गाद्यांना कुबट वास सुटला. तरी निभले. पाऊस ओसरला आणि सप्टेंबरच्या शेवटी डोंगर सोन्यासारखा दिसू लागला. देवी पॉइंटच्या वाटेवर, गाविलगडाच्या तटाबुरुजांवर कमरेइतके गवत. कुसळी, पवना, मारवेल, तिखाडी. संध्याकाळी वारा सुटला की त्या गवतावरून फिकट धुरासारखे काही तरी उठायचे. मी नुकताच लिहू लागलो होतो. त्या दृश्यावर मी वहीत दोन पाने वर्णन केले. तो धूर म्हणजे परागकण आहेत आणि मी ते छाती भरभरून घेतो आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते.

ऑक्टोबरातल्या एका रात्री दोन वाजता मला श्वास मिळेना. आमच्या शाखेचे दप्तरी शेजारीच राहत. कोरकू समाजातले, माझ्याच वयाचे. ते धावत आले, कोणाची तरी जीप मिळवली, आणि परतवाड्यापर्यंतचा तीसेक किलोमीटरचा घाट माझ्या पाठीला आपली छाती लावून, मला ताठ बसवून ते उतरले. मी कलंडलो की म्हणत, "सायेब, निजू नका. निजलं की दम वाढते." कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात हेच लिहिलेले आहे, हे मी नंतर वाचले.

परतवाड्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, आणि पहाटे मी बोलण्याच्या स्थितीत आल्यावर प्रथमच कोणी तरी मला माझा आजार समजावून सांगितला.

दिसणारी फुले आणि न दिसणारी

आपण पराग म्हटले की फुलांकडे बोट दाखवतो. पळस फुलला, मोहर आला, की दमेकरी नाकाला रुमाल लावतो. पण पळसाचा भडक रंग हे पाखरांना आणि किड्यांना दिलेले आमंत्रण आहे. त्याचा पराग जड आणि चिकट. तो पाखराच्या अंगाला लागून जातो, वाऱ्यावर फारसा उडत नाही. ज्या झाडाझुडपांना किड्यांची गरज नाही, ती रंगावर खर्च करीत नाहीत. गवत, ज्वारी, मका, माघ-फाल्गुनात पान गळल्यावर फुलणारा वावळ, यांची फुले कोणी पाहतही नाही. ती आपला पराग वाऱ्याच्या स्वाधीन करतात आणि वारा तो आपल्या नाकात आणून सोडतो. यात भर पडली गाजरगवताची. १९५०च्या दशकात ते पुण्याकडे प्रथम नोंदले गेले. परदेशी गव्हाबरोबर आले, असे सांगतात. आज वऱ्हाडातला एकही धुरा, एकही पडीक जागा त्याच्यावाचून नाही. त्याला खाणारा मेक्सिकन भुंगा १९८३ साली बंगलोरला आणला गेला, पुढच्या वर्षी सोडला गेला. भुंगा खातो आहे, गवत वाढते आहे.

म्हणजे आमच्या भागातल्या दमेकऱ्याचे वर्ष असे: पावसाळ्यात बुरशी आणि गादीतले सूक्ष्म किडे, भाद्रपद-आश्विनात गवत, सुगीत तुरी-सोयाबीनच्या मळणीची धूळ, माघ-फाल्गुनात झाडांचा पराग. गवताचा बहर दिवाळीच्या सुमारास सरतो. कोजागिरीच्या खिरीचे यश त्यातच असावे, असे मला वाटते. बहर स्वतःच उतरणीला लागलेला असताना औषध घ्यायचे, आणि उतार पडला की श्रेय खिरीला द्यायचे!

डॉक्टरांनी मला दोन पंप दिले. एक तात्पुरता, आवळलेल्या श्वासनळ्या मोकळ्या करणारा. दुसरा रोजचा, नळ्यांच्या आतली सूज कमी करणारा. पहिल्याने लगेच बरे वाटते, म्हणून माणूस त्याच्याच प्रेमात पडतो. दुसऱ्याने लगेच काहीच वाटत नाही, म्हणून तो सुटतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर पहिला म्हणजे उचल, दुसरा म्हणजे हप्ता. हप्ता न भरता उचल करीत राहिले की काय होते, ते मी पुष्कळ खातेदारांच्या बाबतीत पाहिले आहे. दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणाऱ्या 'जीना' या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१९ साली स्पष्टच सांगून टाकले की नुसत्या उचलीवर, म्हणजे केवळ तात्पुरत्या पंपावर, मोठ्या माणसांचा दमा हाताळू नये.

हे सारे कळूनही मी काय केले? तो पंप टेबलाच्या खणात व्हाउचरच्या गठ्ठ्याखाली लपवला. घ्यायची वेळ झाली की तिजोरीच्या खोलीत जाऊन घेत असे. शाखाधिकाऱ्याला दमा आहे, हे खातेदारांना कळले तर काय म्हणतील! पंप लागला म्हणजे शेवटची पायरी, पंपाची सवय लागते, मुलीच्या लग्नात अडचण येते. या समजुती माझ्या शिकलेल्या घरात होत्या, आणि आजही अनेक घरांत आहेत. जगातल्या दम्याच्या एकूण रुग्णांत भारताचा वाटा साधारण आठात एक आहे. दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र तो त्याच्या तिपटीच्या घरात सांगितला जातो. हा फरक हवेने पडत नाही. खणात लपवलेल्या पंपांनी पडतो.

साथीत उलटेच घडले

मार्च २०२०मध्ये साथ आली तेव्हा आम्हा दमेकऱ्यांच्या पोटात गोळा आला. कारणही होते. २००९ साली स्वाइन फ्लू आला, तेव्हा इस्पितळात दाखल झालेल्यांत दमेकरी ठळकपणे दिसले होते. कोरोना तर फुप्फुसांवरच बसणारा. पण पुढे अनुभव जमा होत गेला तसे निराळेच चित्र दिसू लागले. ज्यांचा दमा औषधाने आटोक्यात आहे, त्यांना कोरोना अधिक गंभीर होतो असे दिसत नाही, हे 'जीना'नेही सांगितले. धोका होता तो ज्यांचा दमा मोकाट आहे, ज्यांना नुकत्याच स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या आहेत, त्यांना. सल्ला एका ओळीचा होता: आपला रोजचा पंप थांबवू नका.

परागाचाही साथीशी संबंध निघाला. मार्च २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३१ देशांतल्या १३० केंद्रांवरच्या नोंदी तपासल्या गेल्या. हवेत पराग वाढला की त्यानंतरच्या दिवसांत लागणही वाढलेली दिसते, असा त्याचा निष्कर्ष. दोन गोष्टी बरोबर वाढल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असे नव्हे, हे खरेच. पण परागामुळे नाकातल्या पेशींची विषाणूला पहिला विरोध करण्याची ताकद मंदावते, हे त्याआधीच्या प्रयोगांत दिसले होते. आणि तेही केवळ ॲलर्जी असलेल्यांत नव्हे. दिलासा एवढाच की मुखपट्टी दोघांनाही अडवते, आणि परागाला तर सहज. विषाणू मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. गवताचा परागकण त्याच्या काही शेपट मोठा. इस्रायलमधल्या परिचारिकांनी मुखपट्टी वापरली तेव्हा त्यांच्यातल्या अनेकींच्या शिंकाही कमी झाल्या होत्या. माझाही २०२०चा आश्विन गेल्या कित्येक वर्षांत सर्वांत सुखाचा गेला.

पण आपल्याकडे सल्ल्यापेक्षा अफवा लवकर पोचते. माझी थोरली बहीण, ताई, अकोल्याला असते. तिलाही दमा. एप्रिल २०२१मध्ये तिला कोणी तरी सांगितले, "पंपात स्टेरॉइड असते, त्याने प्रतिकारशक्ती जाते, कोरोना धरतो." तिने पंप बंद केला. त्यात घरच्यांनी जंतू मारायचे म्हणून सकाळ-संध्याकाळ फरशी, दारे, भाजी, सगळ्यांवर हायपोक्लोराइटचे फवारे सुरू केले होते. त्या वासाने चांगल्या माणसाचाही घसा धरतो, दमेकऱ्याचे काय होणार! तिसऱ्या आठवड्यात रात्री अडीचला भाच्याचा फोन आला. आईला श्वास घेता येत नाही, आणि तपासणीचा अहवाल असल्याखेरीज दवाखाना आत घेत नाही.

त्या दवाखान्याचेही काय चुकले? आत आधीच एका खाटेवर दोघे होते. ताईच्या डॉक्टरांना भाच्याने फोनवर गाठले. नेब्युलायझर नको, त्याची वाफ घरभर विषाणू पसरवू शकते. पंपच द्या, पण नळकांड्यातून, असे ते म्हणाले. नळकांडे घरात नव्हते. मग त्यांनीच सांगितल्याप्रमाणे अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीला बुडाशी तापल्या सळईने पंपाच्या मापाचे भोक पाडले, पंप घट्ट बसवला आणि बाटलीच्या तोंडातून ताईला एकेक फवारा संथ श्वासांनी दिला. ही जुगाडबाजी नव्हे. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ साली मुलांवर रीतसर चाचणी घेऊन दाखवून दिले होते की नीट बनवलेली बाटली विकतच्या नळकांड्याइतकेच काम करते. पहाटे ताईला बोलता येऊ लागले. दुसऱ्या दिवशी तपासणी झाली, कोरोना नव्हता. होता तो तीन आठवड्यांचा थकलेला हप्ता.

आणि यातला विनोद असा की त्याच एप्रिलमध्ये 'एम्स' आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांत, ताप-खोकला पाच दिवसांहून अधिक टिकला तर कोरोनाच्या सौम्य रुग्णांना बुडेसोनाइडचा पंप द्यावा, असे आले. ज्या औषधाला भिऊन ताईने पंप टाकला, ते हेच! पुढच्या महिन्यात काळ्या बुरशीची भीती पसरली तेव्हा पुन्हा काहींनी पंप फेकले. ती बुरशी प्रामुख्याने अनियंत्रित मधुमेहात आणि पोटातून वा शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रांत फोफावली. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतली मिलिग्रॅममध्ये. एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम होतात. पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरावी, एवढेच पथ्य.

माझी चुकलेली नोंद

इथपर्यंतची गोष्ट सांगायला सोपी आहे. कारण तीत मी शहाणा ठरतो.

मेच्या पहिल्या आठवड्यात दप्तरीभाऊंचा फोन आला. बँकेतून निवृत्त होऊन ते चिखलदऱ्याजवळच्या आपल्या गावी राहत होते. उतारवयात त्यांनाही दमा जडला होता. पंप मीच त्यांना घ्यायला लावला होता आणि त्याचा मला कोण अभिमान! मोह वेचण्याआधी झाडाखालचा पाचोळा जाळतात. त्या धुराने दरवर्षी त्यांचा दमा उसळे. फोनवर म्हणाले, "सायेब, दम लागून राह्यला. अंगात कणकणबी हाये. पण हे तं दरसालचंच."

मी म्हणालो, "मोहाच्या धुराचं असंल. पंप वाढवा. गरम पाणी घ्या. खाली येऊ नका, खाली फार वाईट चाललं आहे."

'खाली येऊ नका' हे त्यांना हवेच होते. गावात भीती होती की खाली अमरावतीला नेलेले माणूस परत येत नाही. लसीबद्दलही तीच भीती. मी शिकलेला, मी दमेकरी, मी साहेब. माझ्या शब्दाने त्यांना न जाण्याची परवानगी मिळाली. कणकण त्यांनी सांगितली होती. मी ती ऐकली नाही. पंप घेतल्यावर दम किती वेळ उतरतो, हा एक प्रश्न मी विचारायला हवा होता. तो मी विचारला नाही. दमा असता तर पंपाने उतार पडला असता. पंपाने भागत नाही आणि अंगात ताप आहे, म्हणजे मामला निराळा आहे, एवढे तर मला कळायला हवे होते.

पाच दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. ज्या घाटातून त्यांनी मला पाठीशी धरून उतरवले होते, त्याच घाटातून त्यांना ॲम्ब्युलन्समधून नेले. चौथ्या दिवशी अमरावतीत ते गेले. पाच दिवस आधी नेले असते तर वाचले असतेच, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ते पाच दिवस माझ्या नावे खर्ची पडलेले आहेत आणि ती नोंद मला खोडता येत नाही.

ताईने भीतीपोटी दम्याला कोरोनाचे निमंत्रण मानले. दप्तरीभाऊंनी आणि मी सवयीपोटी कोरोनाला दमा मानले. दिसायला दोन टोके. पण चूक एकच. दोन्हीकडे आम्ही अंदाजाने नोंद केली. बँकेत पहिल्या दिवशी शिकवतात: रक्कम मोजल्याखेरीज पावती फाडू नये. श्वासाच्या बाबतीत आम्ही मोजलेच नाही.

मोजता येते. शिंकांची माळ, नाक-डोळ्यांना खाज, ताप नाही, दरवर्षीचाच महिना, तर बहुधा पराग. छातीत सूंसूं, पहाटे अधिक, आणि पंपाने उतार, तर दमा. ताप, अंगदुखी, नाक चोंदलेले नसताना अचानक गेलेला वास, पंपाने न भागणारा दम, तर विषाणू समजून तपासणी. कोरोनाने पुढे रूपे बदलली आणि वास जाण्याचे लक्षण मागे पडले. तेव्हा लक्षणांवर विसंबून न राहता तपासून घेणेच बरे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर त्या वर्षी घरोघरी आला, तो अजून कपाटात असेल. ९४च्या खाली आकडा म्हणजे डॉक्टरकडे जाण्याची सूचना. आणि दमेकऱ्याने 'पीक फ्लो मीटर' नावाची साधी नळी घ्यावी. तीत जोराने फुंकर मारली की काटा सरकतो. रोज सकाळी तो आकडा वहीत लिहायचा. काटा घसरू लागला की दम लागण्याच्याही आधी कळते. पासबुक भरून घेण्याइतकेच ते सोपे आहे. मी आता रोज लिहितो. दप्तरीभाऊ गेल्यानंतर लिहू लागलो, ही लाज आहे, पण लिहितो.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३मध्ये कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू संपला असे मात्र तिने म्हटलेले नाही, आणि गवत तर दरवर्षी फुलणारच. २०१६च्या नोव्हेंबरात मेलबर्न शहरात गवताच्या बहरात वादळ आले. पराग ओल्या हवेत फुटून बारीक झाला, एका संध्याकाळीत हजारो माणसे दवाखान्यांकडे धावली आणि दहा माणसे गेली. त्यातल्या अनेकांना रोजचा पंप नव्हता. श्रीमंत देशाची ही गत, तर पुढची साथ आणि आश्विन एकाच वेळी आले तर मेळघाटात काय होईल?

म्हणून दोन मागण्या. पहिली, प्राथमिक आरोग्य केंद्रांत दम्याचे दोन्ही पंप बारा महिने मिळावेत. ते देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत; यादीतले औषध कोनाड्यात असावे, एवढेच मागणे आहे. बाटलीचे नळकांडे कसे करायचे, हे प्रत्येक आशाताईला यावे आणि ते तिने कोरकूत सांगावे. दुसरी, वऱ्हाडाचे स्वतःचे पराग-पंचांग असावे. चंडीगडने आपल्या शहराचे असे पंचांग केले आहे. हवेतल्या कणांच्या अभ्यासाची परंपरा तर महाराष्ट्रातलीच. तेव्हाच्या औरंगाबादेत प्राध्यापक एस. टी. टिळकांनी ती उभी केली. अमरावतीला विद्यापीठ आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे. कोणत्या महिन्यात कोणते गवत फुलते, हे त्यांना ठाऊकच आहे. ते आम्हाला आधी कळले तर पंपाचा हप्ता आम्ही पंधरा दिवस आधीच नीट भरू लागू.

आणि एक विनंती घरोघरच्या मंडळींना. तुमच्या घरात कोणी खणात, उशीखाली, पदराआड पंप लपवीत असेल, तर त्याला तो जेवणाच्या टेबलावर ठेवू द्या. चष्मा ठेवतो तसा.

यंदाही पाऊस ओसरल्यावर चिखलदऱ्याला जाऊन आलो. गाविलगडाच्या वाटेवर गवत तसेच कमरेइतके, तसेच सोनेरी. मुखपट्टी लावून लांबूनच पाहिले. परतीच्या एस.टी.त मला खोकला आला आणि शेजारच्या बाईंनी पदर नाकाला लावून जरा संशयानेच पाहिले. रांगेतल्या त्या म्हातारीची आठवण झाली. तिला दिलेले उत्तर मला आता दुरुस्त करायचे आहे. हा खोकला धुळीचा की कोरोनाचा, हे मला ठाऊक नाही, बाई. घरी जातो, मोजतो आणि मग सांगतो.